क्वांटमची, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या बारीक गोष्टींच्या भौतिकशास्त्राची, एवढी इंटरप्रिटेशन (अर्थ लावायच्या पद्धती) आहेत, त्यातलं खरं कोणतं? आपण बघत नसताना इलेक्ट्रॉन कुठे असतो?

भाऊ, आधी एक करून बघा. मी काल रात्रीच केलं, सीताबर्डीवरून आणलेल्या लाल लेझर पॉइंटरच्या तोंडावर एक केस उभा चिकटवला, लाइट बंद केले न समोरच्या भिंतीवर एक ठिपका नाही तर आडवी रांगच दिसते, मधे मधे काळं. लाटा एकमेकीत मिसळल्या की असंच होते. पण इलेक्ट्रॉन दोन फटींमधून एकेक करून सोडले तरी हळूहळू असेच पट्टे उमटतात, न तो कोणत्या फटीतून गेला हे मोजलं की पट्टे गायब!

कोपनहेगनवाले, म्हणजे क्वांटमचा जुना, रूढ अर्थ मानणारे, म्हणतात मोजण्याआधी त्याची जागा विचारण्यातच अर्थ नाही. भौतिकशास्त्रज्ञ बोम (१९५२) म्हणतो कण नेहमी एका जागी असतोच, लाट त्याला वाट दाखवते. दुसरा भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेट (१९५७) म्हणतो सगळंच घडते, जगाच्या वेगवेगळ्या शाखांत. तिघांचे आकडे सारखेच येतात म्हणून प्रयोगाने निवाडा होत नाही.

तरी काहीही मानलं तर चालते असं नाही. बेल या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ मधे दाखवलं की एकमेकांशी जोडलेल्या पण दूर गेलेल्या दोन कणांनी मोजमापाची उत्तरं आधीच खिशात ठेवली असतील तर त्यांच्या जुळण्याला एक मर्यादा राहते, न प्रयोगात ती मोडली, आस्पे, क्लाउझर, झायलिंगरला २०२२ चं नोबेल त्याच कामासाठी. म्हणून बोमलाही इथला परिणाम तिथे तत्काळ मानावा लागते.

मला एव्हरेट जवळचा वाटतो, तो श्रोडिंगरच्या समीकरणात (ही लाट कशी बदलत जाते ते सांगणाऱ्या क्वांटमच्या मूळ समीकरणात) वरून काही घालत नाही. पण सगळंच घडत असेल तर ३० टक्के शक्यता म्हणजे नेमकं कशाचे ३० टक्के, याचं त्यांचं उत्तर मला अजून पटलेलं नाही.