दारूकोठार म्हणण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद,

तुझे फोटो पोचले. त्र्यंबकच्या रांगेतली ती सोंड, तिच्यावर तीन भिंतींचा दगडी चौकोन आणि खाली तुझी एक ओळ: ‘दारूकोठार’. एवढी घाई कशाला? जाड भिंत दिसली की दारूकोठार, चौथरा दिसला की सदर, अंधारी खोली दिसली की कैदखाना, अशी बारशी उरकायची आपल्याकडे खोडच आहे. नाव सगळ्यात शेवटी ठेवायचं.

आधी पाणी शोध. माणसं बारमाही राहत असतील तर आसपास टाकं हवंच. टाकं कोरताना निघालेला दगड बांधकामाला वापरायची जुनी रीत आहे, म्हणून टाक्याच्या काठावर दगड फोडायला मारलेल्या पाचरीच्या खाचा मोज. भिंतीतल्या दगडांवर त्याच मापाच्या खाचा असतील, तर टाकं आणि भिंत एकाच कामातली असण्याचा संभव वाढतो. पाणी कुठंच नसेल तर तिथं कोणी फार दिवस राहत नव्हतं, मग चौकी किंवा गुरांचं वाडगं असा विचार कर. चौकीत उभं राहिलं की खालची वाट दिसायला हवी. वाडग्याला चुना नसतो, नुसते रचलेले दगड, कमरेएवढी भिंत, गुरं जातील एवढं रुंद तोंड आणि आतली माती बाहेरच्यापेक्षा काळी. तुझ्या एकाही फोटोत जमीन दिसत नाही, हे जाता जाता सांगतो.

आता तुझं दारूकोठार, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूची कोठी. ठिणगीची भीती असल्यामुळे ते वस्तीच्या जोत्यांपासून लांब असतं, भिंती जाड, उघडं तोंड कमीत कमी, छप्पर जमेल तिथं दगडी. हरिहर किल्ल्याच्या माथ्यावरची कोठी आठव: दोन खोल्या आणि आत शिरायला खिडकीएवढी जागा. पण धान्यालाही असंच कोरडं, बंदिस्त घर लागतं. त्यामुळे नुसत्या भिंतींवरून निकाल देऊ नकोस. शेजारी काय आहे ते बघ.

चौथी भिंत गेली कुठं, हेही विचार. दगड उताराखाली पसरलेले असतील तर ती पावसानं, मुळांनी ढकलली. दगडच नसतील तर ते खालच्या पाड्यावरच्या घरांत आणि बांधांत शोध. काही ठिकाणी पडझड मुद्दाम केलेली असते. १८१८ साली इंग्रजांनी आपल्या भागातले किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी तिथं ठाण मांडू नये म्हणून कित्येकांच्या वाटा, पायऱ्या उडवून दिल्या.

लोकांना विचारायलाच हवं, पण ‘हे काय आहे?’ असं नको. मागच्या रविवारी आलेल्या ट्रेकरनं जे सांगितलं तेच परत ऐकायला मिळेल. ‘इथं कोण येतं, कधी येतं, गुरं कुठं बसवता?’ असं विचार. वाघबारशीला, म्हणजे वाघदेवाच्या पूजेच्या दिवशी, तिथं नारळ फुटत असेल तर ते ठिकाण आजही चालू आहे. शेंदूर लावलेला दगड हलवायचा नाही, पुसायचा तर नाहीच. मात्र नावावर फार भिस्त नको. आपली पांडवलेणीच बघ: नाव पांडवांचं आणि भिंतीवरचे लेख सातवाहनांचे नि क्षत्रपांचे, भिक्षूंना दिलेल्या दानाचे. तिथं निदान लेख आहेत. अंजनेरीच्या पायथ्याच्या देवळांतही एका लेखात शके १०६३ स्वच्छ कोरलेलं आहे. तुझ्या सोंडेवर असं भाग्य बहुतेक नाही.

१८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर जरूर वाच, त्यात किल्ल्यांच्या नोंदी आहेत. पण डोंगरावरून आल्यावर वाच. आधी वाचलंस तर डोळ्यांना तेवढंच दिसेल.

पुढच्या खेपेला फोटोत काठी ठेव, म्हणजे माप कळेल. चारही बाजूंनी फोटो घे, भिंतीची जाडी मोज, सांध्यात चुना आहे का ते नखानं खरवडून न काढता बघ. खणायचं नाही, एक दगडही नाही. गुप्तधनाच्या नादानं आधीच पुष्कळ जोती उकरली गेली आहेत. तोवर वहीत ‘तीन भिंतींची दगडी वास्तू, उपयोग अनिश्चित’ एवढंच लिही. आणि होळीनंतर गवत वाळलं की जा, आत्ता त्या रानात जोतंसुद्धा दिसायचं नाही.

तुझा काका
नाशिक