देशाचे कारखाना उत्पादन वाढल्याची बातमी येते, तरी वाळूजमध्ये शिफ्ट का कमी होते?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आपण सुपरवायझर आहात, तिथली तिसरी शिफ्ट बंद झाली आहे आणि त्याच आठवड्यात देशाचे कारखाना उत्पादन वाढल्याची बातमी आपण वाचली. हा आकडा खोटा आहे की आपल्याला तो वाचता येत नाही, असे आपण विचारले आहे. मी त्याच शहरातील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात अनेक वर्षे उत्पादन नियोजनाचे काम केले आणि दर महिन्याचा उत्पादनाचा तक्ताही भरून पाठवला. त्या अनुभवावरून सांगतो की आकडा खोटा नाही. तो सर्व देशाच्या कारखान्यांची एक भारित सरासरी (प्रत्येक उद्योगाला त्याच्या आकारानुसार कमी-जास्त वजन, म्हणजे ‘भार’, देऊन काढलेली सरासरी) आहे आणि त्या सरासरीत आपल्या उद्योगाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे.

हा आकडा म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक. पूर्वी तो महिन्याच्या 12 तारखेला येत असे. एप्रिल 2025 पासून 28 तारखेला येऊ लागला. खाली दिलेले भार 2011-12 या पायाभूत वर्षाच्या, म्हणजे ज्या वर्षाची पातळी 100 धरली जाते त्या वर्षाच्या, मालिकेतील आहेत. त्या मालिकेत खाणकामाला 14.37, विजेला 7.99 आणि कारखानदारीला 77.63 टक्के भार आहे. कारखानदारीचे पुढे 23 उद्योगगट पडतात आणि त्यांत 405 वस्तुगटांचे उत्पादन मोजले जाते.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या भारांमध्ये आहे, म्हणून इथे थोडा हिशेब करू. मूळ धातूंच्या गटाला, म्हणजे मुख्यतः पोलादाला, एकूण 100 पैकी 12.80 भार आहे. तेलशुद्धीकरणाच्या गटाला 11.77, रसायनांना 7.87, खाद्यपदार्थांना 5.30, औषधांना 4.98 आणि मोटार वाहनांना 4.86. दुचाकी मात्र ‘मोटार वाहने’ या गटात येत नाहीत. त्या ‘इतर वाहतूक साधने’ या वेगळ्या गटात मोजल्या जातात आणि त्या संपूर्ण गटाचा भार केवळ 1.78 आहे. वाळूजचे अनेक व्हेंडर (सुटे भाग पुरवणारे कारखाने) ज्या दुचाकींच्या शेड्यूलवर (कंपनीच्या मागणीच्या वेळापत्रकावर) जगतात, त्यांच्या गटाचे उत्पादन 10 टक्क्यांनी घटले, तर देशाच्या कारखानदारीचा आकडा ढोबळमानाने पाव टक्का खाली येतो. पोलादाचा गट तेवढाच वाढला, तर तो दीड टक्क्यापेक्षा अधिक वर जातो. एकाच महिन्यात दोन्ही गोष्टी घडल्या, तर बातमी वाढीचीच येईल. त्या महिन्यात जालन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला ती बातमी खरी वाटेल आणि शेजारच्याच जिल्ह्यात असलेल्या आपल्याला ती परकी वाटेल, कारण जालन्याचे बिलेट (पोलादाचे ओतीव ठोकळे) आणि सळई सर्वांत जड गटात बसतात.

‘23 पैकी इतक्या गटांत वाढ’ हे वाक्य बातमीत हमखास असते. त्याचा उपयोग वाढ किती पसरली आहे हे कळण्यापुरता आहे. त्या मोजणीत 12.80 भाराचे धातू आणि 0.80 भाराचे तंबाखूपदार्थ यांना प्रत्येकी एकच मत मिळते.

दुसरी अडचण तुलनेची आहे. बातमीतील टक्केवारी मागील महिन्याशी नसते. ती मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी असते, आणि मराठवाड्यातील कोणालाही याचे कारण लगेच पटेल. आपल्याकडे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, जिनिंग कापूस आल्यावर चालते आणि उरलेले महिने ही यंत्रे थांबलेली असतात. अशा उद्योगांची जूनची तुलना मेशी करणे निरर्थक आहे, म्हणून जूनची तुलना मागील जूनशी केली जाते. परंतु सण पंचांगानुसार सरकतात आणि तिथे ही पद्धतही फसते. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, सुट्ट्या ऑक्टोबरमध्ये पडल्या आणि त्या महिन्याचा एकूण निर्देशांक आधीच्या वर्षापेक्षा सुमारे 4 टक्क्यांनी घटला. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आले. ऑक्टोबरमध्ये कामाचे दिवस पूर्ण मिळाले आणि वाढ 11.7 टक्के जाहीर झाली. लगेच पुढच्या नोव्हेंबरमध्ये ती 2.4 टक्क्यांवर आली. एका महिन्यात देशातील कारखाने तेजीतून मंदीत गेले नव्हते; दिवाळी एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात गेली होती. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे आकडे मी नेहमी एकत्र करूनच पाहतो. फेब्रुवारीचेही असेच आहे: 2025 चे 28 दिवस 2024 च्या 29 दिवसांशी ताडले गेले आणि रात्रंदिवस चालणाऱ्या भट्टीसाठी एक दिवस म्हणजे साडेतीन टक्के उत्पादन.

याच कारणाने टक्केवारीबरोबर निर्देशांकाची पातळीही पाहावी, असा माझा आग्रह आहे. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीमुळे निर्देशांक सुमारे 54 पर्यंत कोसळला. एप्रिल 2021 मध्ये तो 126 च्या आसपास आला, म्हणजे 130 टक्क्यांहून अधिक ‘वाढ’ झाली. प्रत्यक्षात तो एप्रिल 2019 मध्ये जिथे होता तिथेच परतला होता.

पहिला जाहीर आकडा तात्पुरता असतो, कारण सर्व कारखान्यांचे तक्ते वेळेवर पोहोचलेले नसतात. नंतर त्यात सुधारणा होते. बहुतेक वेळा ती किरकोळ असते, पण साखरेचे एक उदाहरण मी विसरू शकत नाही. जानेवारी 2012 ची औद्योगिक वाढ आधी 6.8 टक्के जाहीर झाली आणि पुढे ती 1.14 टक्क्यांवर आणावी लागली, कारण त्या महिन्याचे साखर उत्पादन 58.09 लाख टनांऐवजी 134.08 लाख टन धरले गेले होते. एका वस्तूच्या एका चुकीच्या नोंदीने देशाचा आकडा इतका हलला. ती बातमी वाचल्यापासून तक्ता पाठवण्यापूर्वी प्रत्येक रकाना मी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेऊ लागलो.

यंत्रसामग्रीच्या गटाबद्दल थोडे सांगतो. मोठे यंत्र तयार व्हायला अनेक महिने लागतात आणि पूर्वी ते पूर्ण झालेल्या महिन्यातच मोजले जाई, त्यामुळे भांडवली वस्तूंचा (उत्पादनासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीसारख्या वस्तूंचा) आकडा वेड्यासारखा वर-खाली होत असे. 2011-12 च्या मालिकेत अशा वस्तूंच्या अर्धवट कामाचीही नोंद घेण्याची सोय झाली. तरीही या गटाच्या एका महिन्याच्या आकड्यावरून कोणतेही मत बनवू नये.

आपल्या भागातील मोठा धक्काही राष्ट्रीय आकड्यात बुडून जातो. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले आणि न्यायालयाच्या आदेशाने इथल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात झाली. त्या कारखान्यांसाठी तो उन्हाळा फार कठीण होता, पण पेयांच्या संपूर्ण गटाचा देशातील भार 1 टक्क्याच्या जवळपास आहे.

आता आपल्या तिसऱ्या शिफ्टकडे येतो. ती दिवाळीनंतर बंद झाली असेल, तर तिचे कारण बरेचसे हंगामी असू शकते. दसरा-दिवाळीच्या विक्रीसाठी दुचाकी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बनवून ठेवल्या जातात, त्यामुळे तेव्हा ओव्हरटाइम चालतो आणि सण संपताच शेड्यूल उतरते. ती ऑगस्टमध्येच बंद झाली असेल, तर मात्र मला काळजी वाटेल. निर्देशांकाच्या प्रसिद्धीपत्रकात बातमीतील मुख्य आकडा सोडून ‘इतर वाहतूक साधने’ आणि ‘टिकाऊ उपभोग्य वस्तू’ (दुचाकी, फ्रिज यांसारख्या घरोघरी वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या वस्तू) या दोन ओळी शोधाव्यात, त्यांची तीन महिन्यांची सरासरी काढावी आणि ती मागील वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडावी. या दोन्ही ओळी देशभर वाढत असतील आणि आपल्याकडे काम कमी होत असेल, तर कारण बाजारात शोधू नये. कंपनीने मॉडेल बदलले आहे का, किंवा आपला भाग दुसऱ्या व्हेंडरकडे गेला आहे का, हे मालकांना विचारावे. दोन्ही ओळी घसरत असतील, तर पुढच्या दोन महिन्यांचे शेड्यूल हातात येईपर्यंत ठेकेदारी कामगारांना शिफ्ट परत सुरू होण्याचा शब्द देऊ नये.