आजोबांच्या पेटीत पितळी मायक्रोस्कोप सापडला. चालू आहे का, कसं ओळखू? काका म्हणतात, आधी घासून लख्ख कर, मग गिऱ्हाईक बघू.

काकांना आधी थांबवा. बाकीचं नंतर.

मी 29 वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक होते. आमच्याकडे एका डॉक्टरांच्या घरच्यांनी दिलेला पितळी मायक्रोस्कोप होता. नळीवर 'एर्न्स्ट लाइट्झ, वेट्झलर' हे जर्मन कंपनीचं आणि तिच्या गावाचं नाव आणि खाली 96 हजारांतला नंबर. लाइट्झनं आपला एक लाखावा मायक्रोस्कोप 1907 साली क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांना भेट दिला, म्हणजे आमचा त्याच्या थोडाच आधीचा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे लॅबच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, त्याच्यापुढे शेरा होता, 'नादुरुस्त'. कुणी आणि काय बघून मारला, देव जाणे. मी लागले तेव्हापासून तो कपाटाच्या वरच्या खणात धूळ खात होता.

एका दिवाळीच्या सुटीआधी मी तो खाली काढला. नळी वर-खाली करायची मोठी फिरकी जागची हलेना. तुटलेलं काहीच नव्हतं, जुनं ग्रीस सुकून खडखडीत झालं होतं. केसांच्या ड्रायरनं बेतानं ऊब दिली, गार झाल्यावर दातेरी पट्टीवर रॉकेलचा ब्रश फिरवला, सुती कापडानं टिपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जोर मात्र कुठेच लावला नाही. तिसऱ्या दिवशी नळी अलगद खाली आली. 1/12 इंची ऑइल इमर्शनच्या, म्हणजे स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायच्या ऑब्जेक्टिव्हच्या (स्लाइडकडच्या भिंगाच्या) तोंडावर मधाच्या रंगाचा एक कडक थेंब होता. ते सिडारवुडचं तेल, वेळीच पुसलं नाही की असं वाळून बसतं. कुणीतरी शेवटची स्लाइड बघून तसंच उठून गेलं होतं. लेन्स पेपरला जेमतेम झायलीन (तेल विरघळवणारं द्रावण) लावायचं, एकदा टेकवायचं, पेपर टाकायचा, दुसरा घ्यायचा. दुपार गेली त्यात. मग मलेरियाची स्लाइड लावली, स्लाइडखालचा, उजेड एकवटणारा कंडेन्सर वर सरकवला, आरशाची सपाट बाजू खिडकीकडे वळवली, आणि तांबड्या पेशीत निळी अंगठी दिसली, तिच्यावर लाल ठिपका. इतकी रेखीव की आमच्या नव्या मायक्रोस्कोपमध्येही तशी कधी दिसली नव्हती.

विभागप्रमुखांना बोलावलं. सरांनी वाकून बघितलं, "छान आहे" म्हणाले. शेरा बदलून द्या म्हटलं तर म्हणाले, "ताई, वापरायचा कुठे आहे आपल्याला? राहू दे."

पुढच्या वर्षी कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार होती. मी दोन दिवस रजेवर. परत आले तर मायक्रोस्कोप दाराजवळच्या काचेच्या कपाटात, नव्या समईसारखा पिवळाधमक! सरांनी शिपाईमामांकडून चिंच आणि रांगोळीनं घासून घेतला होता. मामांचा काही दोष नाही, सांगितलं ते त्यांनी मन लावून केलं. पण जुन्या मायक्रोस्कोपचा तो सोनेरी रंग नुसत्या पितळेचा नसतो, वर लाखेचं पातळ वार्निश असतं, त्याचा असतो. ते सगळं गेलं होतं. पितळ उघडं पडलं की काळवंडतं, मग पुन्हा घासायचं, असं ते चालूच राहतं. नंबरातले दोन आकडे पुसट झाले होते. रांगोळी दातेरी पट्टीत शिरली होती, फिरकी फिरवली की करकर वाजायची. चिंचेचं पाणी सांध्यात राहून तिथे हिरवा कळंक धरला. चांगला चालणारा मायक्रोस्कोप घासून घासून बिघडवला आणि रजिस्टरमधला शेरा खरा करून दाखवला. सर म्हणाले, "पाहुण्यांना दिसायला तरी बरा दिसतो." मी तेव्हा गप्प बसले, याचं आजही वाईट वाटतं. मायक्रोस्कोपकडे नाही, मायक्रोस्कोपमधून बघायचं असतं, हे प्राणिशास्त्राच्या प्रमुखांना मी सांगायला हवं होतं.

आता तुमचा. मोठी फिरकी हळू फिरवा, अडली तर तिथेच थांबा. नळी वर करून हात सोडल्यावर आपोआप घसरत असेल तर पकड सैल आहे, ते दुरुस्त होतं. फोकस बारकाईनं जुळवायची बारीक फिरकी टोकाला गेलेली असेल तर पुढे पिळू नका. आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढून उलटा धरा, त्याचं चांगलं भिंग होतं. त्यातून ऑब्जेक्टिव्हचं तोंड बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कडेकडेनं आत पांढरट किंवा रंगीत डाग म्हणजे भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटला, त्याला घरी हात लावू नका. एखादा ऑब्जेक्टिव्ह गेलाच असेल तरी मायक्रोस्कोप टाकाऊ होत नाही. रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीचे 20.32 मिमीचे आटे असतील तर आजचेही बरेच ऑब्जेक्टिव्ह त्यात बसतात.

आजोबांनी स्वतः वापरलेला असेल तर प्रश्न नाही, पण बाजारातून शोभेसाठी आणलेला असेल तर नीट बघा. रुरकी-मुरादाबादकडे नवे पितळी नग बनतात, त्यावर 'लंडन' कोरलेलं असलं म्हणून भुलू नका. किमतीचं दुसऱ्या कुणाला विचारा, माझा तो विषय नाही.

हो, एक राहिलं. झायलीन वापरलंत तर खिडकी उघडी ठेवा आणि ऑब्जेक्टिव्ह त्यात बुडवू नका, बाल्सम विरघळेल. स्पिरिट तर वार्निशला लागूच देऊ नका. आणि वार्निश आधीच पार गेलेलं असेल तर काकांनी कोरड्या मऊ कापडानं पुसायला माझी हरकत नाही. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यातलं काहीही नको.

नळीवरचं नाव, नंबर आणि ऑब्जेक्टिव्हवरचे आकडे इथे लिहा. फोटो टाकलात तर घासण्याआधीचा टाका.