बाबांच्या दंडावरची देवी

प्रश्न (जून २०२१) : आम्ही टोरांटोत, आईबाबा देवगडजवळच्या गावात. बाबा ७४ वर्षांचे. कोरोनाची लस घ्या म्हटलं की 'माका काय होवचा नाय' म्हणून फोन आईकडे देतात. डॉक्टरांचे व्हिडिओ पाठवून थकले.

उत्तर : व्हिडिओ आधी थांबवा. त्याच फोनवर 'लस घेतली आणि माणूस गेला' असले दहा निरोप येतात, तुमचा अकरावा. त्यांना नक्की कशाची धास्ती आहे, हे कधी विचारलंत? मध्ये न बोलता?

आमच्या गावातल्या एका काकांकडून आशाताई (गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) तीनदा परत गेल्या. चौथ्यांदा पडवीत बसून त्यांच्याबरोबर सुपाऱ्या सोलू लागल्या, तेव्हा काका बोलले : लशीनं ताप येतो म्हणतात, मिरग लागल्यावर दोन दिवस आडवा झालो तर तरवा (भाताची रोपं) कोण बघणार? लशीवर राग नव्हताच. पेरणी उरकून लावणीच्या आधीचा दिवस ठरला आणि काका रिक्षात बसले. (रिक्षाचंही बघा. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब असलं की अर्धे 'नको' रस्त्याचेच असतात.)

तापाबद्दल खोटं बोलू नका. 'काही होत नाही' म्हणालात आणि रात्री ते फणफणले, तर दुसरा डोस विसराच. दंड दुखेल, ताप येईल, बहुधा दोन दिवसांत उतरेल. लस घेऊनही कोरोना होऊ शकतो; पण ऑक्सिजन लागण्याइतका, जिवावर बेतण्याइतका होण्याचा धोका खूप कमी होतो. चौऱ्याहत्तरीत घ्यायची ती त्यासाठी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर टोचण्याआधी सांगायचं, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसायचं.

पुढच्या व्हिडिओ कॉलला बाबांना बाही वर करायला सांगा. त्यांच्या वयाच्या बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असतो. देवी काढणारा (देवीची लस टोचणारा) गावात आला की पोरं माळ्यावर लपायची, असं माझी आई सांगायची. देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ सालचा. तुम्ही ऐंशीनंतर जन्मलेल्या असाल तर तुमच्या दंडावर बीसीजीचा (क्षयाच्या लशीचा) वण असेल, देवीचा नाही. का नाही, ते बाबांनाच सांगू द्या.

जून २०२१ मध्ये कोविशिल्ड लशीच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवडे ठेवत होते. त्या हिशेबाने जूनमध्ये पहिला झाला तर दुसरा गणपतीच्या आसपास येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईला खूण करायला सांगा.