‘ओमियागे’ला मराठीत काय म्हणावं?

ओसाकाला राहणाऱ्या एका नागपूरकर ताईंनी विचारलं आहे: “पुण्यात एकत्र शिकलेल्या आम्ही तिघी पंधरा वर्षांनी ॲमस्टरडॅमला भेटलो. एक कोल्हापूरची, आता जर्मनीत असते. दुसरी मडगावची, ती लिस्बनला. तिघींनीही गावाकडचं काहीबाही आणलं होतं. मी वर क्योतोची यात्सुहाशी नावाची मिठाई नेली होती. आईला कळवताना ‘आम्ही गिफ्ट एक्स्चेंज केलं’ असं लिहून गेले आणि मलाच ते परकं वाटलं. जपानीत अशा भेटीला ‘ओमियागे’ म्हणतात. आपल्याकडे असा शब्द आहे का?”

आहे, ताई. वानोळा. कुठे वानवळा म्हणतात, कुठे वानुळा. तुमच्या आईला लगेच कळेल.

शेतात नवं काही आलं, घरात काही खास केलं, की त्यातलं थोडंसं शेजारी, सोयऱ्यांकडे, ओळखीपाळखीत चवीपुरतं पाठवायचं, तो वानोळा. आमचं गाव वाईकडचं. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या दिवशीची काकवी घरी आधी बाटलीत भरली जायची ती चार घरी द्यायला, आमच्या ताटात ती नंतर यायची. आजी मला पिटाळायची: “जा, वानोळा देऊन ये. आणि सांग, यंदाची पहिली आहे.” हुरड्याचंही तसंच, भुईमुगाच्या ओल्या शेंगांचंही. ज्या घरी डबा जायचा, तिथून तो रिकामा परत येत नसे. काहीच हाताशी नसलं तर त्या काकू चमचाभर साखर घालून द्यायच्या. ‘रिकामा डबा परत देऊ नये’ हा नियम कुणी शिकवावा लागत नसे. तुम्ही ‘एक्स्चेंज’ म्हणालात ते या डब्यात आधीपासूनच आहे, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून ‘देवाणघेवाण’ हा शब्दही मला इथे कोरडा वाटतो, त्यात हिशोबाचा वास येतो.

शब्दाच्या नात्यागोत्याबद्दल थोडं. संक्रांतीला हळदीकुंकवात जे वाण लुटतात ते संस्कृत ‘वायन’वरून आलेलं, व्रताच्या निमित्तानं द्यायचा पदार्थ. वानोळ्याचा त्याच्याशी संबंध जोडायचा मोह होतो. मी मात्र वानोळ्याला ‘वानगी’शेजारी बसवते. ‘वानगीदाखल’ मधली ती वानगी, म्हणजे नमुना. हिंदीत ती ‘बानगी’ होते. गुजरातीत ‘वानगी’ म्हणजे नमुनाही आणि खाण्याचा पदार्थही. वानोळ्याचा जीव तोच आहे: पोटभर नाही, चाखण्यापुरतं, ‘आमच्याकडचं असं असतं बघा’ हे सांगणारं. किलोभर पाठवलंत तर तो वानोळा राहत नाही.

आता तुमचा जपानी शब्द. ‘मियागे’ लिहितात त्या दोन चिन्हांतलं पहिलं मातीचं, दुसरं उपजेचं, आणि ‘ओ’ हा आदरासाठी पुढे लावलेला. म्हणजे त्या त्या भूमीत पिकलेलं. अर्थानं तो वानोळ्याच्या किती जवळ येतो पाहा! पण चाल वेगळी आहे. ओमियागे प्रवासाला गेलेला माणूस परतताना आणतो, मागे राहिलेल्यांसाठी. जपानच्या एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) गावकरी वर्गणी काढून आपल्यातल्या एखाददोघांना इसेच्या देवळाला पाठवत, आणि ते परतताना सगळ्यांसाठी देवाचे ताईत आणि तिकडच्या वस्तू घेऊन येत. आपल्याकडे पंढरपूरहून येणारे चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का, काशीहून येणारा गंगेचा सीलबंद गडू आणि काळा गंडा, हे सगळं त्याच रीतीतलं. त्याला आपण ‘प्रसाद’ म्हणतो, आणि देवाचं असल्यामुळे तो वाटावाच लागतो. वानोळ्याला प्रवासाची गरज नाही. तो आपल्या दारातून निघतो. तुम्ही तिघींनी जे केलं त्यात गाव बरोबर घेऊन येणं होतं, गावाला काही घेऊन जाणं नव्हतं, म्हणून मला ‘वानोळा’ जास्त जवळचा वाटतो.

प्रवासाहून आणलेल्या भेटीसाठी आपल्याकडे फारसीतून आलेला ‘सौगात’ होता. फारसीत आजही त्याचा नेमका तोच अर्थ आहे. मराठीत तो जाहिरातींच्या तोंडी गेला आणि त्यातला प्रवास हरवला, याचं मला वाईट वाटतं. ‘आहेर’ इथे नको, त्याला लग्नमुंज लागते आणि परतीचा आहेरही मनात धरलेला असतो. ‘नजराणा’ खालून वर जातो, ‘बक्षीस’ वरून खाली येतं. तुम्ही तिघी एका बाकावरच्या.

‘खाऊ’चा विचार मात्र करायला हवा, कारण तो गोड शब्द आहे आणि आता मोठ्यांतही सर्रास चालतो. तरी त्यात मोठ्यानं लहानाला देणं अजून ऐकू येतं. काका खाऊ आणतात, मावशी आणते. बरोबरीच्यांत तो लाडानं वापरला जातो. तुमच्या यात्सुहाशीला मी खाऊच म्हणेन. तांदळाच्या पिठाची, दालचिनीच्या वासाची पारी आणि आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड वाटण, आपल्या पुरणाचं भावंडच ते. पण तुम्ही ती दुकानातून बांधून घेतलीत, तुमच्या घरची नव्हे.

आणि उरलेलं? तुम्ही पुढे लिहिलं आहे की आईनं पाठवलेली संत्रा बर्फी नेता आली नाही, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायची बंदी आहे. मग तुम्ही सावजी मसाल्याची पुडी नेलीत. कोल्हापूरच्या मैत्रिणीनं आईच्या हातची कांदा-लसूण चटणी आणली, काचेच्या बरणीवर प्लास्टिक, त्यावर दोरा, त्यावर पुन्हा प्लास्टिक. मडगावच्या मैत्रिणीनं सोलं, म्हणजे आमसुलं, आणली, तीही घरच्या झाडाच्या भिंडांची, म्हणजे कोकमांची, आजीनं उन्हात वाळवलेली. या बरणीला आणि त्या सोलांना ‘गिफ्ट’ म्हणणं मलाही जमणार नाही. कुणाच्या तरी अंगणातून आणि पाट्यावरून आलेलं, थोडंसं, बरोबरीच्या माणसाला चाखायला दिलेलं: तिन्ही खुणा जुळतात.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण येईलच: जी मैत्रीण जर्मनीत राहते तिनं तिथल्या अंगणातली सफरचंदं आणली असती तर? तोही वानोळाच. हा शब्द जन्मगाव विचारत नाही, तुमच्याकडे काय पिकलं ते विचारतो.

सगळ्याला मिळून एकच शब्द हवा असेल तर ‘भेट’ आहेच. माणूस भेटणं आणि त्या वेळी हातात ठेवलेली वस्तू, या दोन्हींना मराठी एकच नाव देते. तो मला फार मोलाचा वाटतो, पण त्यात मातीचा वास नाही. म्हणून आईला असं कळवा: “तिघींनी एकमेकींना गावाकडचा वानोळा दिला, मी वर जपानचा खाऊ नेला.” शब्द पुल्लिंगी आहे, तेव्हा अनेकवचन ‘वानोळे’, आणि ‘वानोळ्याची बरणी’, ‘वानोळ्यातली सोलं’ असं पुढे चालवा. रिकामी झालेली ती चटणीची बरणी अजून तुमच्याकडेच आहे असं पत्रावरून दिसतं. पुढच्या भेटीत ती परत न्याल तेव्हा रिकामी नेऊ नका.