हॉलची नोंदणी रद्द केल्यावर पैसे कसे मागावेत

ठाण्यात घोडबंदर रोडवर लग्नासाठी घेतलेला हॉल रद्द करण्याचा निर्णय झाला असेल, तर व्यवस्थापकाशी फोनवर बोलून थांबू नका; त्याच दिवशी ईमेलने लेखी कळवा, कारण पुढे सारा वाद रद्द केल्याची तारीख आणि लग्नाची तारीख यांमधील अंतरावर फिरतो. पावतीमागे ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ असे छापलेले पाहून बहुतेक कुटुंबे तेथेच माघार घेतात. वस्तुतः भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मिळते; कराराने ठरलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणून मालकाला लेखी विचारा, की ती तारीख दुसऱ्या कोणाला दिली आहे का? लग्नसराईतील तारखा सहसा रिकाम्या राहत नाहीत, आणि तारीख पुन्हा गेली असेल तर नुकसानीचा दावा बराच लंगडा पडतो.

तोडफोडीपोटी घेतलेली अनामत वेगळी मागा. हॉल वापरलाच नाही, तर ती अडवण्यास आधार नाही. आगाऊ रकमेवर जीएसटी घेतला असेल, तर परताव्याचे व्हाउचर, म्हणजे रक्कम परत केल्याची जीएसटीची पावतीही मागा.

दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग वकिलाची नोटीस पाठवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मोबदला, म्हणजे हॉलसाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क नाही, तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. अनुचित कराराची, म्हणजे कराराच्या अटीच एकतर्फी असल्याची तक्रार मात्र राज्य आयोगाकडे जाते. त्यामुळे जिल्हा आयोगापुढे सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा यांवरच भर द्यावा.