एसीचा कुबट दर्प, कूलरचा मासळीसारखा वास आणि गीझरचा न येणारा वास

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे घर थंड किंवा उबदार ठेवणाऱ्या उपकरणांच्या वासाविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्र लिहिताना बहुतेक वाचक वास कसा आहे हे बारकाईने सांगतात, पण तो नेमका केव्हा येतो हे सांगायचे राहून जाते. उपकरण सुरू करताच येतो, सतत येतो की बंद केल्यावरही येत राहतो, एवढे समजले तरी निम्मे निदान होते.

प्रश्न : आमच्या शयनगृहातील दीड टनाचा स्प्लिट एसी तीन वर्षांचा आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून तो लावला की पहिली पाच-सात मिनिटे ओल्या मोज्यांसारखा कुबट वास येतो आणि मग कमी होतो. एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग करून घेतले होते. मेकॅनिकचे म्हणणे असे की गॅस कमी झाला आहे, तो भरावा लागेल. भरून घ्यावा का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : या कारणासाठी गॅस मुळीच भरून घेऊ नका. एसीतील गॅस बंदिस्त नळ्यांमधून फिरत असतो आणि वापराने तो संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळतीची लक्षणे वेगळी असतात: खोली गार व्हायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कॉइलवर बर्फ धरतो किंवा नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसतो. तुमच्या पत्रात यातले काहीही नाही. शिवाय आज घरगुती एसीत वापरले जाणारे गॅस जवळजवळ वासहीन असतात आणि त्यांना मोज्यांचा वास तर कधीच येत नाही.

तुमच्याकडे वास येतो तो ओलाव्याचा. इनडोअर युनिटमधील कॉइल दवबिंदूच्या बऱ्याच खाली गार होते, म्हणून खोलीतल्या हवेतील बाष्प तिच्यावर पाणी होऊन जमते. पावसाळी हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी बाहेर टाकतो. एसी बंद केला की कॉइलच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांमध्ये, खालच्या ट्रेमध्ये आणि ब्लोअरवर हा ओलावा तसाच राहतो. फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ, त्वचेचे कण आणि स्वयंपाकघरातून आलेला तेलकट अंश त्या ओलाव्यात मिसळतात आणि त्यांवर बुरशी व जिवाणूंचा पातळ थर वाढतो. दुसऱ्या दिवशी एसी लावताच पहिल्या झोतासरशी हा दर्प खोलीत येतो, आणि कॉइल पुन्हा गार होऊन तिच्यावर नवे पाणी धरले की तो दबतो. पाच-सात मिनिटांचे गणित ते हेच आहे.

एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग होऊनही असे का झाले, हे स्वतः तपासता येईल. मुख्य स्विच बंद करा, हवा बाहेर सोडणारी पट्टी हाताने हळूच खाली करा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारा. आत लांबट पिंजऱ्यासारखा गोल फिरणारा ब्लोअर दिसेल. त्याच्या पात्यांच्या कडांवर काळसर-करडे ठिपके किंवा ओल्या राखेसारखा लेप दिसला, तर तुमचे उत्तर तिथेच आहे. घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये समोरून कॉइलवर पाण्याचा फवारा मारला जातो, फिल्टर धुतले जातात आणि ब्लोअर मात्र तसाच राहतो. उलट कॉइलवरून उडालेली घाण त्याच्यावर जाऊन बसते. म्हणून मेकॅनिकला बोलावताना ‘ब्लोअर आणि ट्रे काढून धुवायचे आहेत’ असे आधीच स्पष्ट सांगा, कारण त्याला वेळ अधिक लागतो आणि मजुरीही वेगळी असू शकते. कॉइलसाठी सौम्य क्लीनरच वापरू द्या. अॅसिड किंवा ब्लीचने वास दोन दिवस जातो खरा, पण अॅल्युमिनियमची पाती कायमची खराब होतात.

त्यानंतरची काळजी सोपी आहे. एसी बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तो फक्त फॅन मोडवर चालवा, म्हणजे आतला भाग सुकेल. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये हे काम आपोआप करणारे बटण असते. रिमोटवर ते आहे का ते पाहा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच बसवा. सुगंधी फवारे मात्र एसीच्या तोंडाशी मारू नका. त्यातील चिकट अंश कॉइलवर बसतो आणि धुळीला धरून ठेवतो.

प्रश्न : एसी चालू असताना गटारासारखा वास येतो. बाथरूम स्वच्छ आहे, घरात दुसरीकडे कुठेही वास नाही. एसी बसवून आठ महिने झाले आहेत.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एसीच्या पाण्याचा ड्रेन पाइप कुठे सोडला आहे, ते प्रथम पाहा. भिंत फोडावी लागू नये म्हणून अनेक ठिकाणी तो थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपात घुसवतात. बाथरूममधील नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साठलेले असते आणि त्या पाण्यामुळे गटाराची हवा वर येत नाही. एसीच्या पाइपाला मात्र असा कोणताही अडसर नसतो. ब्लोअर फिरू लागला की तो ट्रेच्या बाजूनेही हवा ओढतो आणि पाइपातून गटाराची हवा सरळ खोलीत येते.

खात्री करण्यासाठी वास येत असताना पाइपाचे बाहेरचे टोक ओल्या फडक्याने पाच-दहा मिनिटे घट्ट झाका. वास थांबला तर शंका उरत नाही. फडके काढायला मात्र विसरू नका, नाहीतर पाणी भिंतीवर उतरेल. कायमचा उपाय म्हणजे पाइप गटारापासून सोडवून त्याचे टोक नहाणी ट्रॅपच्या जाळीच्या वर, मध्ये थोडी मोकळी जागा ठेवून आणणे. ते शक्य नसेल तर प्लंबरकडून पाइपाला यू आकाराचा ट्रॅप करून घ्या आणि एसी महिना-दोन महिने बंद राहिला तर त्यात पाणी ओतत राहा, कारण ट्रॅप सुकला की तो असून नसल्यासारखाच असतो.

या वासाकडे दुर्लक्ष करू नका, असे मी आग्रहाने सांगतो. सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळे करतो आणि हळूहळू खातो. खाडी किंवा उघड्या नाल्याच्या काठी राहणाऱ्या अनेकांच्या एसीच्या कॉइल वेळेआधी गळू लागतात, त्यामागे हाच वायू असतो. तुमच्याकडे तर तो घरातूनच कॉइलपर्यंत पोहोचतो आहे.

प्रश्न : आमच्या कूलरला दोन आठवड्यांत मासळीसारखा वास येऊ लागला. पाणी रोज भरतो. टाकीत फिनाईलचे थेंब टाकले तर चालेल का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : फिनाईल अजिबात टाकू नका. कूलर त्या पाण्यावरूनच हवा ओढतो, त्यामुळे टाकीत टाकलेली गोष्ट रात्रभर घरातील सर्वांच्या श्वासात जाते. लहान मुले आणि दमेकरी यांना तर त्याचा फारच त्रास होतो. रोज पाणी भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार, धूळ व शेवाळ मागे राहतात. बोअरचे पाणी असेल तर ताट्यांवर पांढरा कडक थरही धरतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा, तळ आणि भिंती घासा आणि ती काही वेळ कोरडी ठेवा. घासणे महत्त्वाचे अशासाठी, की डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत. सुकलेल्या अवस्थेत ती कित्येक महिने टिकतात.

ताट्या गेल्या वर्षीच्या असतील तर बदला. लाकडी भुशाच्या ताट्या एका उन्हाळ्यापुरत्याच असतात, नंतर त्या आतून कुजतात. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण मंद सुवास देतात. पहाटे कूलर बंद करण्यापूर्वी पंप बंद करून अर्धा तास फक्त पंखा चालू ठेवा. एक गोष्ट मात्र नक्की तपासा: पंप बंद असतानाही तोच वास येत असेल, तर तो पाण्याचा नसावा. तापलेल्या मोटारीला किंवा वितळू लागलेल्या वायरला मासळीसारखा वास येऊ शकतो. अशा वेळी प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय कूलर लावू नका.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. वास कधीच येत नाही, त्यामुळे गळती नाही याची खात्री आहे. पण थंडीत आंघोळीनंतर सासूबाईंचे डोके जड होते आणि त्यांना मळमळते. यांचा काही संबंध असेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : दाट शक्यता आहे, आणि हे उत्तर वाचताक्षणी गीझर बंद ठेवा. सिलेंडरमधील गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. पण गॅस जळाला की तो वासही जळून जातो. बंद बाथरूममध्ये प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग असतो ना वास. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळणे, गरगरणे आणि अंगातील शक्ती जाणे ही त्याची लक्षणे आहेत. शक्ती गेल्यावर माणसाला कडीही काढता येत नाही आणि घरच्यांना वाटते की आंघोळ चालू आहे.

सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या आणि गॅस गीझरचा उल्लेख आवर्जून करा, कारण तो केल्याशिवाय डॉक्टरांना ही लक्षणे पित्ताची किंवा रक्तदाबाची वाटू शकतात. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवून घ्या आणि बाथरूममध्ये त्याचे फक्त गरम पाणी येऊ द्या. ज्योत निळी न राहता पिवळी होत असेल किंवा गीझरच्या वरच्या भागावर काजळी धरली असेल, तर ज्वलन बिघडले आहे. गीझर हलवेपर्यंत गॅसवर पाणी तापवून बादली आत न्या. गैरसोय होईल, पण एवढे माझ्यासाठी कराच.

आणि कधी मरकॅप्टनचा उग्र वास आलाच, तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि तेथून 1906 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून वाकून खाली वास घेत बसू नका.

प्रश्न : रूम हीटर यंदा पहिल्यांदा लावला तेव्हा करपट वास आला. तो बिघडला आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वर्षभर बसलेली धूळ जळण्याचा तो वास असतो. हीटर पुसून घेतला आणि खिडकी उघडी ठेवली तर दहा-पंधरा मिनिटांत तो जातो. त्यानंतरही करपट वास येत राहिला, किंवा त्याला प्लास्टिकची झाक असली, तर हीटर बंद करून त्याच्या प्लगला हात लावून पाहा. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर प्रवाह घेतो, आणि टीव्हीसाठी घेतलेला 6 अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड तो सोसू शकत नाही. प्लग हाताला चटका देत असेल किंवा त्याच्या पिना तपकिरी पडल्या असतील, तर एक्स्टेन्शन काढून हीटर 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा आणि ज्या सॉकेटमध्ये पिन सैल बसते ते बदलून घ्या.